परळ की घराजवळ?

ठाण्यातल्या बाळकुमच्या जुन्या गावठाणात लुगडं कासून नेसणाऱ्या म्हाताऱ्या अजून दिसतात. कमरेवर एकाच जागी वर्षानुवर्षे आवळलं गेलं की कातडी काळवंडते, सोलवटते. क्वचित तिथली जखम भरतच नाही आणि पुढे तिचा कर्करोग होतो. परळच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 सालीच धोतराच्या काचाने होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद केली होती. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकिकत छापली. त्यांतल्या एकीने परकर न घालता चाळीस वर्षं घट्ट लुगडं नेसलं होतं. ती डॉक्टरांकडे पोचली तेव्हा रोग जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत गेला होता.

त्वचेचा असा एखादा दुर्मीळ कर्करोग निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, कुठे न्यायचं? मेव्हण्यांच्या ओळखीचे सर्जन असतात. शेजारच्यांना एका रुग्णालयाचा चांगला अनुभव असतो. सगळे मायेपोटीच सांगतात. पण इथे ओळखीपेक्षा सराव मोठा, असं मला ठामपणे वाटतं. त्वचेवरची गाठ दिसते लहान, म्हणून 'अर्ध्या तासात काढून टाकू' हे वाक्य सहज पटतं. डीएफएसपी नावाच्या गाठीची मुळं मात्र कातडीखाली, वरून वाटतं त्यापेक्षा दूरवर पसरलेली असतात. कमी कापलं तर ती त्याच जागी पुन्हा उगवते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी होते. तळव्यावरचा मेलानोमा हा कर्करोग तर कधीकधी कुरूप किंवा चामखीळ समजून कापला जातो. तो किती मिलिमीटर खोल आहे, यावर कडेची किती कातडी काढायची आणि जवळच्या लसिकाग्रंथी तपासायच्या का, हे ठरतं. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेआधी, अशा गाठींच्या बायोप्सीच्या स्लाइड रोज वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर आपल्या स्लाइडवर पडायला हवी. सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात का, आणि असे रुग्ण वर्षाला किती येतात, हे विचारायला संकोच कशाला?

याचा अर्थ सगळं परळलाच करायचं, असा नाही. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, अनेक आठवडे चालतं. सत्तरीच्या आजीला रोज सकाळी ठाण्याहून गर्दीच्या लोकलने नेणं हे उपचाराइतकंच जड आहे. निर्णय अनुभवी केंद्रात घ्यावा आणि रोजचे उपचार त्या आराखड्याप्रमाणे घराजवळ करावेत, असं अनेकदा जमतं. 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमागचा विचारही असाच आहे, चांगले उपचार रुग्णाच्या गावाजवळ मिळावेत. खुद्द बाळकुमला टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने होणाऱ्या कर्करोग रुग्णालयाचं भूमिपूजन 2023 मध्ये झालं. ते पूर्ण चालू झालं की इथल्या कितीतरी घरांची ओढाताण थांबेल. आणि खर्चाचं म्हणाल, तर निवडलेलं रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्यावं.

तुमच्या घरात बायोप्सीचा असा अहवाल आला असेल, तर कागदाबरोबर बायोप्सीच्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइडही प्रयोगशाळेकडून मागून घ्या. त्या जाणकारांनी वाचेपर्यंत गाठ काढायची घाई कुणालाही करू देऊ नका, आणि त्या दाखवायला एक दिवसही दवडू नका.