गीता 3.6 : दार सरळ, केबिन तिरकी



आज तिसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक. हातपाय आवरून बसलेला, पण मनात विषयांचीच उजळणी करणारा माणूस. भगवंत त्याला मिथ्याचारी म्हणतात, आणि तो स्वतःलाच फसवतोय असंही सुचवतात.

सध्या मी जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकच्या दुरुस्तीबद्दल वाचतोय (छंद, दुसरं काय). 1967 ते 1972 मधली शेव्हर्ले सी-10 घ्या. तिची केबिन थेट चासीवर बसत नाही, मध्ये रबराचे माउंट असतात. वर्षानुवर्षं वजन पेलून रबर चेपतं, भेगाळतं, आसपासचा पत्रा गंजतो आणि केबिन एका कोपऱ्यात खाली बसते. बाहेरून दिसतं ते एवढंच, की दाराची फट वर बारीक, खाली रुंद. मग कोणीतरी बिजागरी सैल करून दार सरकवतो, मडगार्डखाली शिम घालतो. फट सरळ झाली! केबिन तिरकीच.

इथपर्यंतचा दृष्टांत सोपा आहे. "वरवरचं नको, आतून बदला" हे आपण शंभर वेळा ऐकलंय. मला पुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते.

जॅक आणि लाकडी ठोकळा लावून केबिन हळूहळू उचलतात. स्टीअरिंगचा दांडा, वायरी, नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे बघत. नवे माउंट बसतात, केबिन समतल होते, आणि बाहेरचं सगळं बिघडतं. कारण दार, मडगार्ड, बॉनेट हे सगळं जुन्या तिरकेपणाशी जुळवलेलं असतं. मग पुन्हा पहिल्यापासून : केबिनच्या चौकटीला दार, दाराला मडगार्ड, मडगार्डला बॉनेट. आणि फटी जुळेपर्यंत बोल्ट सैलच.

आता एक रागीट बाप घ्या. बायको वेळ बघून विषय काढते. मुलगी मार्कशीट आधी आईला दाखवते. हे सगळे शिमच की. हा माणूस साधनेला लागतो, खरोखर शांत होतो. चार महिन्यांनी त्याची तक्रार, "मी एवढा बदललो, तरी ही माझ्याशी मोकळं का बोलत नाहीत?"

हे विचारायचा त्याला हक्क आहे का? मला वाटतं, नाही. माउंट नवे आहेत हे त्याला माहीत, मुलीला कसं कळणार? तिला फक्त इतक्या वर्षांचं दार माहीत आहे.

मग ती मिथ्याचारी का? बाहेरून गोड, आतून घाबरलेली? तेही नाही. श्लोक स्वतःला फसवणाऱ्याबद्दल आहे. ती कोणालाच फसवत नाहीये, सावरतेय. आपण काय करतोय हे तिला नीट कळतं.

बोल्ट सैल करायचं काम बापाचं. तेही एकेक, आणि "बघ, आता मी ओरडत नाही" असं न म्हणता. ती मार्कशीट आणेल तेव्हा आणेल. काही पत्रे इतकी वर्षं ताण सोसून स्वतःच वाकलेले असतात. केबिन कितीही समतल करा, ती फट पूर्ण जात नाही. ती सहन करणं हाही मला त्याच्या साधनेचाच भाग वाटतो, तिच्या नव्हे.

तुमच्या घरात कोण कोणाभोवती जुळवून घेतंय? कमेंटमध्ये लिहा, नाहीतर नुसतं बघा.

उद्या 3.7.