गावकुसाचे दगड

गेल्या श्रावणात मंगळवेढ्यास आमच्या परिचयाच्या एका घरी गेलो असता तेथे एक मौजेचा, पण विचार करावयास लावणारा वाद चाललेला आम्हांस आढळला. घरातील मुलगा यंत्रशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला. गेट परीक्षेतही त्यास चांगले गुण पडले होते. संरक्षण संशोधन खात्यात शास्त्रज्ञांच्या जागा भरावयाच्या असल्याची जाहिरात निघाली होती, आणि अर्ज भरावा म्हणून वडील त्याच्या मागे लागले होते. आजी मात्र माळ ओढता ओढता मध्येच थांबून म्हणाली, "इतकं शिकलास ते काय माणसं मारायची हत्यारं करायला रे बाळा?" वडील हसले. मुलगा हसला नाही. आम्हांस वेशीपर्यंत पोहोचविण्यास तो आला तेव्हा त्याने हळूच विचारले, "काका, आजी म्हणते ते खरं आहे का?"

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न काही पाठ सोडीना. ज्या सुशिक्षित घरांतून मुले शास्त्राकडे वळतात, त्या सर्व घरांचाच तो प्रश्न आहे. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे खाते म्हणजे काय ते पाहू. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर १९४८ मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी हे संरक्षणमंत्र्यांचे शास्त्रविषयक सल्लागार झाले, आणि पुढे १९५८ मध्ये लष्कराच्या तांत्रिक शाखा व संरक्षणविषयक शास्त्रीय संघटना एकत्र करून आजची संरक्षण संशोधन व विकास संघटना निर्माण झाली. तिच्या प्रयोगशाळा देशभर पसरल्या आहेत. आपल्या पुण्यास पाषाणच्या बाजूला तोफा व अग्निबाण यांचे आणि स्फोटक द्रव्यांचे संशोधन चालते. दिघीस पूल व सैन्याच्या अभियांत्रिकी साहित्याचे. अहिल्यानगरास लष्करी वाहनांचे. पिनाक नावाची अग्निबाणांची यंत्रणा पुण्याच्याच शाळेत तयार झाली. पण त्याच संघटनेची म्हैसूरची प्रयोगशाळा सैनिकांच्या टिकाऊ अन्नाचा विचार करते, आणि लेहची प्रयोगशाळा बर्फाळ प्रदेशात भाजीपाला कसा पिकेल याचा. अशा संघटनेत शिरण्याची वाट मात्र सरळ आहे: पहिल्या वर्गाची पदवी, गेटचे गुण, मग मुलाखत, शेवटी वैद्यकीय तपासणी व पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी. अर्जात वय, जात, शिक्षण, गुण यांचे रकाने असतात. आजीच्या प्रश्नास रकाना नसतो. तो असावा असे आमचे म्हणणे नाही. पण तो कागदावर नाही म्हणून मनातही नसावा, असे मात्र होऊ नये.

आता एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. शंभरांतील नव्वद अर्ज देशभक्तीनेही भरले जात नाहीत आणि रक्तपिपासेनेही भरले जात नाहीत; ते पोटासाठी भरले जातात. तालुक्याच्या गावी सरकारी नोकरी म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे, तो यास नावे ठेवणार नाही. महिन्याच्या महिन्यास येणारा पगार, बहिणीच्या लग्नाची सोय, पावसाने दगा दिला तरी न मोडणारे घर, ही काही क्षुद्र प्रयोजने नव्हेत. दोष पोटासाठी नोकरी करण्यात नाही. पोटासाठी घेतलेल्या नोकरीस देशभक्तीचा शेला पांघरून तिच्याविषयी विचार करण्याचे टाळणे, यात दोष आहे. "मी पोटासाठी आलो," असे जो स्वतःशी म्हणू शकतो, त्यास "पोटासाठी मी कोठवर जाईन?" असेही विचारता येते. "मी देशासाठी आलो," असे म्हणणाऱ्याचा तो दुसरा प्रश्न बहुधा बंद होतो.

आजीच्या प्रश्नास लोक सामान्यतः दोन उत्तरे देतात. पहिले असे, की हत्यार निर्दोष असते, दोष चालविणाऱ्याचा. ज्वारी कापणाऱ्या विळ्याविषयी हे खरे आहे. त्याने कोणी खून केला तर लोहारास कोणी बोल लावीत नाही. परंतु तोफेचा गोळा काही ज्वारी कापण्यासाठी केलेला नसतो. जी वस्तू ज्या कामासाठी योजिली, तिच्या त्या कामाचा काही अंश योजकाच्या पदरी पडतोच. दुसरे उत्तर असे, की मी नाही केले तर दुसरा कोणी करील. या उत्तराने तर जगातील कोणतेही पाप बेवारशी ठरविता येईल. कारण असे कोणते कृत्य आहे, की जे करण्यास दुसरा कोणीच मिळाला नसता?

ही दोन उत्तरे लंगडी ठरली म्हणजे आजी जिंकली असे वाटेल. पण मंगळवेढ्याची माती अशी, की ती प्रश्नास दुसऱ्या अंगानेही पाहावयास लावते. या गावी शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली जे मजूर चिरडून मेले त्यांत संत चोखामेळा होते. गावकूस म्हणजे गावाचे संरक्षण. त्या काळचे संरक्षण खातेच म्हणा ना. ज्या समाजास गावकुसाच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती, त्याच समाजाचे लोक ते कूस बांधण्यासाठी राबविले गेले आणि त्याखाली गाडले गेले. आतील लोक त्या दिवशीही सुरक्षित होते. नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी पंढरपुरास नेऊन महाद्वारापाशी समाधी केली, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. पण भिंत कोणासाठी होती आणि तिचे ओझे कोणाच्या अंगावर पडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आम्हांस वाटते, की आजीच्या प्रश्नास जोडून हाही प्रश्न विचारला पाहिजे. "मी असल्या कामास हात लावणार नाही," असे म्हणणारा सज्जन काही गावकुसाबाहेर राहावयास जात नाही. तो आतच राहतो. भिंत मात्र दुसऱ्याने बांधावी, तिच्यावर पहारा तिसऱ्याने करावा, आणि आपले हात स्वच्छ राहावेत, अशी त्याची इच्छा असते. पहारा करणारी मुले आपल्याच खेड्यांतून गेलेली असतात. त्यांच्या अंगावरचे चिलखत गोळी अडवील की नाही, त्यांच्या हातातील बंदूक ऐन वेळी अडकेल की काय, हे ज्या टेबलावर ठरते, त्या टेबलाशी सदसद्विवेक असलेला मनुष्य बसू नये, असे म्हणण्यात कोणाचे हित आहे?

ही ओढाताण नवी नाही. तार्तालिया नावाच्या इटालियन गणितज्ञाने तोफेचा गोळा कोणत्या कोनात अधिक लांब जातो याचा विचार केला. पुढे माणसांच्या नाशाचे शास्त्र आपण सुधारीत आहो याची त्यास लाज वाटली व त्याने ते कागद नष्ट केले. मग तुर्कांच्या स्वारीचे भय उभे राहिले तेव्हा त्याने तोच विषय पुन्हा लिहून १५३७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि हा सारा प्रकार अर्पणपत्रिकेत स्वतःच सांगितला. त्याचे चुकले की बरोबर होते, याचा निर्णय आम्ही देत नाही. परंतु त्यास आधी लाज वाटली होती, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ज्यास कधी लाज वाटलीच नाही, त्याने लिहिलेला तोफशास्त्राचा ग्रंथ आणि तार्तालियाचा ग्रंथ यांतील आकडे एकच असतील. माणसे एक नव्हेत.

तथापि भिंतीची उपमा फार ताणणेही बरे नव्हे. भिंत जागची हलत नाही. अग्निबाण दुसऱ्याच्या गावात जाऊन पडतो. संरक्षण या शब्दाच्या पोटात पुष्कळ काही लपू शकते. फ्रिट्झ हाबर याने हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची रीत शोधली. आज आपल्या उसास जो युरिया घालतात तो त्याच रीतीचे फळ. त्याच हाबरने २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीन वायू सोडण्याची व्यवस्था जातीने पाहिली, आणि तेही स्वदेशाच्या सेवेच्या भावनेनेच. आपल्या देशानेही रासायनिक अस्त्रांचा साठा केलेला होता. आंतरराष्ट्रीय करारानुसार १९९७ मध्ये तो जाहीर केला आणि २००९ पर्यंत पूर्णपणे नष्ट केला. जी वस्तू एका पिढीच्या शास्त्रज्ञांनी कष्टाने केली, ती दुसऱ्या पिढीच्या शास्त्रज्ञांस तितक्याच कष्टाने मोडावी लागली. तेव्हा "सरकारने सांगितले" एवढ्याने विवेकाचे काम संपत नाही. कारण सरकारचे म्हणणेही काळाने बदलते.

येथेच आजच्या नोकरीतील खरी अडचण आहे, आणि ती तरुणापासून लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आजचे काम तुकड्यातुकड्यांचे असते. एक जण धातूचा कस पाहतो, दुसरा गणित करतो, तिसरा विजेची जोडणी करतो. सबंध वस्तू फार थोड्यांच्या दृष्टीस पडते. शिवाय १९२३ चा गोपनीयतेचा कायदा डोक्यावर असतो. मनातील शंका घरी आजीजवळही बोलता येत नाही. एकांतात राहिलेला विवेक लवकर वाळतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

अशा वेळी मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. तेही सरकारी नोकरच. बेदरच्या बादशहाची कोठारे त्यांच्या ताब्यात होती. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी हुकुमाची वाट न पाहता ती कोठारे उघडली. पुढे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत भरली व पावती आणली, असे कथा सांगते. पण कोठार उघडताना पंतांस ती पावती मिळणार हे ठाऊक नव्हते. शिक्षा मात्र ठाऊक होती. ते नोकरीत शिरलेच नसते, तर त्या दिवशी किल्ली दुसऱ्या कोणाच्या कमरेस असती.

ज्यांनी अशी किंमत दिली ती माणसे आपल्या काळातही झाली. जोसेफ रॉटब्लॅट हे हिटलरच्या आधी अणुबाँब हाती यावा या भयाने अमेरिकेतील प्रकल्पात शिरले. जर्मनीपाशी तो नाही हे कळताच १९४४ च्या अखेरीस त्यांनी ते काम सोडले. पुढे जन्मभर त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध प्रयत्न केला, आणि १९९५ मध्ये त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी अण्वस्त्रांस उघड विरोध केला आणि अणुशक्तीऐवजी सूर्यशक्तीचा पुरस्कार केला. एकाने आत जाऊन कारण संपताच बाहेरची वाट धरली. दुसऱ्याने बाहेरूनच आवाज उठविला. दोघांसही आम्ही वंदन करतो. कारण दोघांनीही आपला निर्णय दुसऱ्याच्या स्वाधीन केला नाही.

काही दिवसांनी त्या तरुणाची गाठ पडली तेव्हा आम्ही त्यास एवढेच सांगितले, "अर्ज कर. पण त्याच रात्री एका कोऱ्या कागदावर, आपण का जात आहोत आणि कोणते काम सांगितले असता परत येऊ, हे लिहून ठेव. पगारासाठी जात असशील तर तसेच लिही. आणि परत यावे लागले तर घर कसे चालेल, याची तजवीज पहिल्या पगारापासून कर. कारण ज्याचा सगळा संसार एका नोकरीवर टांगलेला असतो, त्यास नाही म्हणणे फार महाग पडते."

"आणि आजीला काय सांगू?" त्याने विचारले.

"तिला सांग, की तुझा प्रश्न बरोबर घेऊन जातो आहे."

अर्ज गेला. मुलाखतीचे बोलावणे अद्याप आलेले नाही. आजीचा विरोध मावळला असे म्हणवत नाही. पण तो कागद तिने त्याच्याकडून मागून घेतला असून तो तिच्या पोथीत घडी करून ठेवलेला आहे, असे कळते.