बोळातलं ऊन

तैलरंगातली गल्ली कशी असणार, हे आता चित्र न पाहताही सांगता येतं. पोपडे धरलेली भिंत, वरून तिरकी उतरलेली उन्हाची पट्टी, लांबवर लाल लुगड्यातली पाठमोरी बाई, जमलं तर एक सायकल. नाव पुण्याचं असो की बनारसचं, ऊन तेच. हे मी आमच्याकडच्या एका चित्रकला शिक्षकांपुढे बोललो, तर ते म्हणाले, "गल्ली कुठची याले काय महत्त्व हाय? चित्र उजेडाचं असते. आन् अंजनगावात काढासारखं हाय तरी काय?"

दुसरा प्रश्न सोडून देऊ. अंजनगाव सुर्जी म्हटल्यावर ज्यांना 1803 चा तह आणि पानमळे यांपलीकडे काही आठवत नाही, त्यांच्याशी काय भांडायचं! पहिलं वाक्य मात्र खुपत राहिलं. चित्रातली गल्ली आधी त्या गावाची वाटली पाहिजे, असं माझं म्हणणं. ओटे, दारं, भिंतींची माती गावागावाची वेगळी. उजेड काय, सगळीकडे सारखाच.

सारखा असतो का, हे बघायला गेलो आणि पंचाईत झाली. मी ऊन आणि उजेड वेगळे धरतो. ऊन सूर्याकडून थेट येतं. उजेड आकाश, जमीन आणि समोरची भिंत यांच्याकडून फिरून येतो. मोकळ्या वावरात झाडाची सावली निळसर दिसते, कारण वर सगळं आकाश उघडं असतं. बोळात आकाशाची चिंधीच उरते. तिथली सावली समोरच्या भिंतीचा रंग उचलते. भिंत पिवडीची असेल तर सावली पिवळसर, आणि भिंतीवर ऊन असेल तर चक्क उबदार. तरीही आमचे चित्रकार बोळात जांभळा-निळा ओततात. ती सावली त्यांनी पुस्तकातून आणलेली असते.

सावलीच्या रंगाचं झालं. उन्हाच्या कोनाचंही तेच आहे. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरने सुमारे 1658 मध्ये डेल्फ्टची छोटी गल्ली रंगवली. ते चित्र आज आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात कडक ऊन जवळजवळ नाहीच, सगळा ढगाळ उजेड. डेल्फ्ट 52 अंश उत्तरेला आहे. तिथे भर जूनमध्येही सूर्य क्षितिजापासून 62 अंशांच्या वर चढत नाही. अंजनगाव 21 अंशांवर, कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो. तिरीप सकाळ-संध्याकाळी आणि हिवाळ्यात इथेही असते, नाही असं नाही. पण वऱ्हाडची दुपार तिरकी नाही. ती सरळ बोळाच्या तळाशी कोसळते, आणि तिथून उजेड खालून वर उसळतो. मुंबईचं जे. जे. कला विद्यालय 1857 मध्ये सुरू झालं. तिथल्या शिक्षणात यथार्थदर्शनाबरोबर युरोपचा कलता सूर्यही आला असावा, असा माझा संशय आहे.

जाता जाता एक गंमत. तैलरंगातलं तेल बहुधा जवसाचं असतं. आपण ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, आणि बोळातली सावली तर बघता बघता सरकते. म्हणून आधी सावलीची कड पक्की करायची. सावली पातळ ठेवायची, ऊन जाड लावायचं. वऱ्हाडाला जवस ठाऊक आहे, चित्र तेवढं परकं राहिलं.

तर चित्र उजेडाचं असतं, हे सरांचं म्हणणं मला आता मान्य आहे. ओटे आणि दारं चुकली तरी चालतील. पण त्यावरून गल्ली कुठचीही चालेल, हा त्यांचा निष्कर्ष साफ चुकीचा. उजेड कुठचाही चालत नाही. ओळखीचा दरवाजा काढून त्यावर डेल्फ्टचा सूर्य टाकला, तर ते अंजनगाव नव्हे.

मेमध्ये गावी असाल तर दुपारी सव्वाबाराच्या सुमारास दाराच्या आत, सावलीत बसा. समोरच्या छज्ज्याची खालची बाजू किती उजळली आहे, ते नीट पाहा. मग रंग कालवा, आणि निळा जरा जपून घ्या.