शेवटी परतलेलं उत्तर

तोरणमाळच्या उतारावरचा एक पाडा. नाव हवं तर तुम्हीच द्या, गोष्ट रचलेली आहे. सातपुडा मात्र खरा.

दिवाळीनंतर तिथं एक सर्वेक्षक ड्रोन घेऊन आला. ड्रोनच्या पोटाला लायडार. सेकंदाला लाखो लेझर किरण खाली सोडायचे, ते आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून उंची काढायची. प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात 30 सेंटीमीटर धावतो, म्हणजे घड्याळ तेवढंसं चुकलं तरी उंची 15 सेंटीमीटरनं फसते. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं 2021 मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांतल्या वनक्षेत्रांचे लायडारवर बेतलेले अहवाल जाहीर केले होते, ते माती आणि पाणी अडवण्यासाठी. इथं काम दरडीचं होतं. 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. तेव्हापासून डोंगराच्या पोटातली वस्ती म्हटलं की धास्ती वाटतेच.

पोरं लॅपटॉपभोवती जमली. पडद्यावर उघडा डोंगर.

“साहेब, झाडं कुठं गेली?”

“काढून टाकली. किरणाचं पहिलं उत्तर शेंड्यावरच्या पानाकडून येतं. पानांच्या फटीतून जो खाली उतरतो, तो सगळ्यात उशिरा परततो. जमीन त्यालाच ठाऊक.”

त्या उघड्या डोंगरावर, पाड्याच्या मधोमध, कोयत्याच्या पात्यासारखी एक वाकडी रेघ होती. तिथं जमीन कधीतरी खचली होती. पण कधी? शंभर वर्षांपूर्वी, की अजूनही खचतेय? एकदाच केलेल्या मोजणीतून ते कळत नाही.

म्हणून शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. सरपंच म्हणाले, डोंगर आजोबांच्या वेळेपासून असाच आहे. पोलीस पाटलांनी मान डोलावली. घाटरस्त्याचा ठेकेदार सगळ्यांत जास्त बोलला: खडक काळा, पक्का, सुरुंगालाही दाद देत नाही. सर्वेक्षकानं वहीत ‘जुनी खचण, स्थिर’ असं लिहिलं आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.

पायरीवर शेळी धरून बसलेली म्हातारी तेव्हा म्हणाली, “माझं दार लागत नाही.”

दोघंतिघं हसले. सर्वेक्षक मात्र उठला.

फळ्यांचं दार खालून तिरकं तासलेलं होतं, एका कडेला चांगलं तीन बोटं. दर पावसाळ्यानंतर ते जमिनीला घासायचं, दर वेळी ती विळ्यानं थोडं तासायची. सर्वात जुना घाव काळा पडला होता, नवा अजून पांढरा होता. घराच्या खालचा झरा यंदा गढूळ आला, हेही तिनं सांगितलं. सर्वेक्षकानं नकाशा उघडला. रेघ तिच्या उंबऱ्याखालून जात होती.

“आजी, मघाशी का नाही बोललीस?” सरपंचांनी विचारलं.

“तुमचं चाललं होतं ना.”

रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन खुंट्या ठोकल्या, मध्ये ताणून दोरी बांधली. दोरीवर लक्ष ठेवायचं काम म्हातारीकडे. पुढल्या हिवाळ्यात ड्रोन पुन्हा उडवायचा, दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघायचे असं ठरलं. पण दोरी वैशाखातल्या वळवाच्या पावसानंतरच तुटली. मृग लागायच्या आत रेघेखालची सगळी घरं वर माळावर हलली.

ठेकेदार म्हणाला, उगाच खर्च. त्याचं घर शहाद्याला आहे.