गेटवरचा फ्लेक्स

गोरेगाव पश्चिमेच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, बॅडमिंटन खेळणारी एक मुलगी राहते. पंधराव्या वर्षी तिने जिल्ह्याची स्पर्धा जिंकली आणि आठवड्याभरात सोसायटीच्या गेटवर तिचा फ्लेक्स लागला. त्यावर दोन स्थानिक नेत्यांचे फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठे होते. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमची सुवर्णकन्या. लक्ष्य ऑलिंपिक.’

हे सगळं घडवून आणलं सेक्रेटरीकाकांनी, आणि अगदी मनापासून. बँकेतून निवृत्त झालेला, रोज सकाळी आवारात तासभर शटल मारणारा हा माणूस. शेजारच्या मुलीचं कौतुक व्हावं, यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं. मुलीचे बाबा म्हणाले होते, “काका, एवढ्यात नको.” पण तेही तोंडातल्या तोंडात. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

गोरेगावला बॅडमिंटनचं अप्रूप असायला कारण आहे. चिराग शेट्टी इथलाच. उदय पवार सरांच्या अकादमीत तो घडला, पुढे हैदराबादला प्रशिक्षक गोपीचंद यांच्याकडे गेला आणि सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या साथीने जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्यामुळे १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकमधल्या या जोडीच्या उपांत्यपूर्व सामन्यासाठी काकांनी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. वडापाव सांगून ठेवले. मुलीला आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं.

त्याच दुपारी, हा सामना सुरू होण्याआधी, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं होतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक जिंकलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं जावी लागली. ते पदक मिळालं तेव्हा सोसायटीचा हॉल बंद होता. स्वप्नीलचं नाव तिथल्या बहुतेकांनी पदकानंतरच ऐकलं.

चिराग-सात्विकने मलेशियाच्या आरन चिया आणि सोह वुई यिक यांच्याविरुद्धचा पहिला गेम २१-१३ असा घेतला. हॉल दणाणून गेला. पुढचे दोन गेम १४-२१, १६-२१ असे गेले. शेवटचा गुण पडल्यावर क्षणभर कुणी बोललं नाही, आणि मग सगळेच बोलू लागले. कुणी म्हणालं, जाहिरातींतून वेळ मिळाला तर खेळतील ना. कुणी म्हणालं, मोठ्या सामन्यात यांचं असंच होतं. अर्ध्या तासापूर्वी ‘आपला चिराग’ म्हणणारी तीच माणसं. त्यात मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारा एक तरुण आला होता. त्याने माइक थेट मुलीपुढे धरला. “गोरेगावचा चिराग हरला. आता लोकांच्या आशा तुझ्यावर आहेत. तू पदक आणशील ना?”

मुलगी माइककडे बघत राहिली, मग उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रॅक्टिसला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणे पोटात दुखतंय. आठवडा गेला तरी रॅकेटची बॅग दाराच्या मागे तशीच होती.

काकांना चैन पडेना. ते लोकल पकडून अंधेरीला तिच्या सरांना भेटायला गेले. सरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काका, तुम्ही खेळता ना? मग चला कोर्टवर. छोटी सर्व्हिस करून दाखवा.” काकांनी पाच-सहा सर्व्हिस केल्या. शटल जाळीला लागून जाईल इतक्या खालून, नेमक्या. मग सरांनी टाळी वाजवून कोर्टवरची सगळी पोरं गोळा केली. एकाला मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला सांगितलं. “हे काका फार छान सर्व्हिस करतात. बघा.” काकांची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी भलतीच उंच उडाली. तिसऱ्या वेळी हात थरथरायला लागला आणि त्यांनी रॅकेट खाली ठेवली.

सरांनी मुलांना परत पाठवलं. म्हणाले, “ही इथली वीस पोरं होती, आणि तुमचं वय साठीच्या पुढे. आता मी काय बघतोय ते सांगतो. या मुलीचा जाळीजवळचा ड्रॉप म्हणजे तिचा दागिना होता. फ्लेक्स लागल्यापासून तिने तो टाकून दिला. सगळे टॉस मारते, मागच्या रेषेपर्यंत, सुरक्षित. जिंकायला खेळायची, ती आता हरू नये म्हणून खेळते. मी विचारलं तिला. म्हणाली, ‘सर, मी हरले तर त्या फ्लेक्सचं काय करायचं?’”

काका खाली बघत राहिले. सर बोलत होते ते चिडून नव्हे, आणि म्हणूनच ते जास्त लागत होतं. ते पुढे सांगत गेले. टोकियो ऑलिंपिकमध्ये याच चिराग-सात्विकने गटातल्या सामन्यात तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना हरवलं होतं. ती जोडी पुढे सुवर्णपदक घेऊन गेली आणि आपली पोरं तीनपैकी दोन सामने जिंकूनही गेमच्या हिशेबात बाद झाली. किती लोकांनी तो हिशेब समजून घेतला? त्याच टोकियोत एकोणीस वर्षांच्या नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं. यंत्र बिघडलं होतं, पण देशभर चर्चा झाली ती तिच्या स्वभावाची. त्याच ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्ससारखी जिम्नॅस्ट सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली, कारण हवेत उडी घेतल्यावर आपलं शरीर कुठे आहे याचंच भान तिला राहीना. तिलाही लोक पळपुटी म्हणाले.

“पण मनूने पॅरिसला दोन पदकं आणलीच ना?” काकांनी विचारलं.

“आणली. दडपण कुणालाच चुकत नाही काका, आणि ते पेलायला आम्ही शिकवतोच. पण आधी पाठीचा कणा तयार व्हावा लागतो. पंधराव्या वर्षी तुम्ही तिच्या पाठीवर अख्खं गोरेगाव ठेवलंत.”

लोक अशा वेळी सगळा दोष कॅमेऱ्याला देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. कॅमेरा तिथेच वळतो जिथे आपली नजर आधी गेलेली असते. तो माइकवाला तरुण हॉलमध्ये आला, कारण हॉलमध्ये गर्दी होती. गर्दी आपण केली होती.

त्याच संध्याकाळी काका स्वतः शिडीवर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. तासाभरात एका नेत्याच्या कार्यालयातून फोन आला, बॅनर का काढला म्हणून. काकांनी एवढंच सांगितलं, “साहेब, पोरीला खेळू द्या.” मग त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला. मुलीला निकाल कुणी विचारायचा नाही, ती आपणहून सांगेल तेव्हा ऐकायचा. वरच्या मजल्यावरचे दोघे रुसले. बाकीच्यांनी मानलं.

मुलगी त्यानंतर काही दिवसांनी प्रॅक्टिसला जाऊ लागली. पुढच्या स्पर्धेत ती दुसऱ्याच फेरीत हरली. परत आली तेव्हा लिफ्टमध्ये काका भेटले. जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला आणि विचारलं, “पाय दुखतायत का गं?” दुसरा मजला आला तरी ती लिफ्टचं दार धरून बोलत उभी राहिली. शेवटच्या गुणाला तिने ड्रॉप मारला होता, एवढासा बाहेर गेला, पुढच्या वेळी आत पडेल. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पॅरिसला, ऑलिंपिकचा तो सामना झाला होता त्याच आदिदास अरेनात झाली. तिथे चिराग आणि सात्विकने उपांत्यपूर्व फेरीत त्याच चिया-सोह जोडीला सरळ दोन गेममध्ये हरवलं आणि कांस्यपदक घेतलं. ‘मोठ्या सामन्यात यांचं असंच होतं’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाहिलं असेल?

लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक जुलै २०२८ मध्ये आहे. मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, तुमच्या इमारतीतही पहाटे बॅग खांद्याला लावून निघणारं एखादं मूल असेल. त्याला पदक कधी आणणार, हे विचारू नका. जेवलास का, एवढं विचारा.