सक्तीचा सहवास

ज्यांच्यावर आपण माया करतों त्यांनीं परस्परांवरहि माया केली पाहिजे, असा आग्रह धरण्याचा आपणांस अधिकार आहे काय? नवी सून घरांत येते किंवा दोन बिऱ्हाडें एक होतात, तेव्हां हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो. आमच्यापुढें तो दोन सशांच्या निमित्तानें उभा राहिला. वाचकांना विषय क्षुल्लक वाटेल. पण मोठ्या प्रश्नांचीं उत्तरें कधीं कधीं लहान जागींच नीट तपासतां येतात.

आमच्या घरीं एक पांढरा ससा दोन वर्षें एकटाच होता. त्याला सोबत हवी, असें आमच्या मनानें घेतलें, आणि एके सायंकाळीं दुसरा नर आणून आम्हीं तो त्याच पिंजऱ्यांत सोडला. चार दिवस भांडतील, मग आपोआप जमेल, असें म्हणून आम्हीं दिवा मालवला. सकाळीं पाहतों तों पिंजराभर लोंकर उडालेली, व नव्या सशाचा एक कान फाटलेला!

आमच्या चुकीचें मूळ थोडेंसें भाषेंतहि होतें. आपल्या माळरानावरील ससा बीळ खणीत नाहीं. गवतांत उथळ खळगा करून तो बहुधा एकटा राहतो. घरांत पाळतात तो ससा निराळ्या जातीचा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडील; ते बिळें खणून कळपानें राहतात. या दोघांना मराठींत आपण एकच नांव देतों. पाळीव सशाला सोबतीची खरोखरच गरज असते. पण तो हनुवटीखालील ग्रंथीचा वास घांसून आपली हद्दहि आंखतो, आणि परक्याला तींतून हांकून लावतो. रानांत हरलेला पळून जातो. आमच्या पिंजऱ्याला पळण्याची वाट नव्हती. ज्याला आम्ही सशाचा दुष्टपणा म्हणत होतों, त्याचा अर्धा वाटा आम्हीं लावलेल्या कडीचा होता.

पशुवैद्यांनीं सांगितलेला मार्ग धीराचा होता. प्रथम दोघांचें खच्चीकरण करावें व अंगांतील उष्मा निवण्यास कांहीं आठवडे द्यावे. नर व मादी असतील तर या काळांत त्यांना वेगळेंच ठेवावें, कारण शस्त्रक्रियेनंतरहि कांहीं आठवडे नरापासून पिलें होऊं शकतात. मग दोघांचे पिंजरे शेजारीं, पण दांत पोंचणार नाहींत इतक्या अंतरावर मांडावे, आणि एकाचें अंथरलेलें गवत दुसऱ्याकडे टाकावें. वासाची ओळख पटल्यावर दोघांनाहि परक्या अशा जागेंत कांहीं मिनिटें एकत्र सोडावें. तेथें चारा दोन ठिकाणीं असावा, आणि आडोशाच्या खोक्यांना दोन दारें असावीं, म्हणजे कोणी कोंडला जात नाहीं. थोडा पाठलाग चालूं द्यावा. पण कान मागें टाकून दोघे एकमेकांभोंवतीं वेगानें गरगरूं लागले कीं जाड टॉवेल मध्यें टाकून त्यांना दूर करावें, उघडा हात घालूं नये. एकमेकांना चाटूं लागले, अंगाला अंग लावून पडूं लागले, म्हणजे मधला पडदा काढावा. कोणाचें चार दिवसांत जमतें, कोणाला महिने लागतात, आणि कांहींचें कधींच जमत नाहीं.

एका स्नेह्यानें याहून जवळची वाट सुचविली: दोघांना एका टोपलींत घालून मोटारींतून हिंडवावें, म्हणजे भीतीनें ते एकमेकांस बिलगतात. बिलगतात हें खरें. डोळ्यांना दिसणारें चित्र दोन्हीकडे सारखेंच. पण भ्यालेला जीव जवळ असेल त्याचा आधार घेतो, त्यांत ओळख नसते. आणि ती भीति उत्पन्न करणारे आपणच असतों. आपल्याला केवळ तें गोड चित्र हवें असेल तर ही युक्ति पुरेशी आहे. त्यांचें सुख हवें असेल, तर ती निरुपयोगी आहे.

येथें कोणी विचारील कीं, भीति घालणें जर अन्याय, तर संमतीवांचून सुरी चालविणें कोणता न्याय? या आक्षेपाला आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. माजाच्या भरांत जीवघेणीं भांडणें होतात, मादीला उतारवयांत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा मोठा धोका टळतो, हीं कारणें खरीं आहेत. तरीहि खणण्याचें व पळण्याचें स्वातंत्र्य आधीं आपणच काढून घेतलेलें असतें. पुढें त्याची जी थोडीबहुत भरपाई करतों, तिला उपकार म्हणूं नये. तें ऋण आहे, आणि तेंहि पुरतें फिटत नाहीं.

आमच्या सशांना तीन महिने लागले. एके दिवशीं मोठ्यानें धाकट्यापुढें मान जमिनीला टेकली; 'मला चाट' असें सांगण्याची ती सशांची रीत. धाकटा क्षणभर थबकला, आणि मग त्याचें कपाळ चाटूं लागला. त्या वेळीं आमचा हात कोठेंच नव्हता. आम्हीं केलें तें इतकेंच कीं, जागा दिली, वेळ दिला आणि नकार देण्याची मुभा ठेवली. माणसांच्या घरांतहि वडीलधाऱ्यांना याहून अधिक कांहीं करतां येत असेल, असें आतां आम्हांस वाटत नाहीं.

धाकट्याच्या कानाची खांच मात्र अजून तशीच आहे. ती मोठ्या सशाच्या दांतांची म्हणून दाखवितां येईल. पण आम्ही ती आमच्याच नांवावर मांडतों.