संमती आणि अनुमोदन

कुत्र्याचे केस कापताना त्याला गुंगीचे औषध द्यावे का, हा प्रश्न वैद्यकाचा आहे. मालकाने होकार दिला म्हणजे ते देणे योग्य ठरते का, हा मात्र धर्मविचाराचा.

बारामती-इंदापूर भागातल्या कन्हेरीसारख्या गावात कुत्रा वस्तीची आणि मेंढरांची राखण करतो. त्याच्या अंगाला कात्री लागत नाही. ती लागते मेंढीला. धनगर तिचे पाय बांधतो, कुशीवर पाडतो आणि लोकर उतरवतो. ती धडपडते, तिला हे नको आहे हे दिसते. शिह त्झू, ल्हासा अशी लांब केसांची कुत्री घरांत आली तशी ग्रूमिंगची दुकाने आली, आणि चावऱ्या कुत्र्याला शांत करणारी गोळीही.

‘शांत’ या शब्दातच गफलत आहे. असेप्रोमझिन हे गुंगीचे औषध हालचाल मंदावते, भीती घालवतेच असे नाही. निपचित पडलेले जनावर आतून घाबरलेले असू शकते. रक्तदाब उतरतो, अंगाची ऊब कमी होते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा धोका अधिक. हे तपासून मात्रा ठरवणे पशुवैद्याचे काम. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने हा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांकडे सोपवला आहे, तर जाणूनबुजून, कारण नसताना अपायकारक औषध देणे 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मालकाला न सांगता बिस्किटातून गोळी चारणे ही वर फसवणूकही.

पण समजा, सगळे सांगून सही घेतली. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. जैन विचारातही कृत, कारित, अनुमोदना ही त्रयी आहे. या मापाने सही ही भागीदारी ठरते. दुकानदार ती स्वतःच्या बचावासाठी घेतो आणि मालक ‘आता तुमचे तुम्ही बघा’ म्हणून देतो. दोघेही सुटत नाहीत. त्याच सूत्रात लोभ, क्रोध आणि मोह ही हिंसेची मुळे येतात. दिवसात चार कुत्री जास्त उरकायची म्हणून दिलेली गोळी कुठल्या रकान्यात बसते, हे सांगायला नको.

दुसरी बाजूही आहे. केसांच्या घट्ट गाठींखाली कातडी ओढली जाते, जखमा चिघळतात. अशा कुत्र्याला जागेपणी ओरबाडण्यापेक्षा पशुवैद्याने दिलेली गुंगी कमी क्रूर. फरक गरज कोणाची यात आहे: गाठ सोडवणे कुत्र्याची, शेपटीला गोंडा ठेवणे मालकाची. 2014 च्या नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुक्या प्राण्यांच्या बाबतीत पालकत्वाचे तत्त्व लावले. पालकाचा होकार पाल्याच्या हितापुरताच चालतो.

गुरगुरणे हा कुत्र्याचा नकार असतो. गुंगी तोच काढून घेते, मेंढीकडे तो शेवटपर्यंत राहतो. ‘पुरे, थांबवा’ म्हणणारे त्या टेबलापाशी मग मालकाशिवाय कोणी उरत नाही. म्हणून औषध उतरेपर्यंत त्याने तिथे असणे हा त्या संमतीचाच भाग.